बांबू, कोयता आणि चकमक : पालजवळच्या शिबिरातले पाच दिवस

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, रावेर तालुक्यात पालच्या अलीकडे सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका शेतावर भरणाऱ्या निवासी शिबिरात मी माझी सतरा वर्षांची मुलगी आणि वीस वर्षांचा भाचा यांच्यासह पाच दिवस आणि चार रात्री राहून आलो. जंगलाच्या आधाराने जगणाऱ्या माणसांची रोजची कामे, म्हणजे बांबू चिरणे, टोपली विणणे, दोर वळणे, कुऱ्हाडीला दांडा बसवणे, काडेपेटीशिवाय विस्तव करणे आणि उघड्यावर स्वयंपाक करणे, ही त्या माणसांकडूनच तरुण मुलांना शिकवली जावीत, असा या शिबिराचा हेतू आहे. परिसरातील चार-पाच तरुणांचा एक लहानसा गट ते चालवतो. पुढे काही तक्रारी मांडायच्या असल्याने गटाचे नाव मी मुद्दाम देत नाही. मात्र ज्याला खरोखर जायचे असेल त्याला सावद्याच्या बसस्थानकावर दोन ठिकाणी चौकशी केली तरी पत्ता लागेल.

शुल्क माणशी ६,५०० रुपये होते, सोबत राहणाऱ्या पालकांना ४,००० रुपये आणि जवळच्या पाड्यांवरील मुलांना काहीही नाही. एकूण बावीस शिबिरार्थी होते, त्यांपैकी सहा पाड्यांवरचे, बाकीचे जळगाव, भुसावळ, नाशिक आणि पुणे येथून आलेले. पालक म्हणून मी आणि आणखी दोघे, असे आम्ही तिघे. माझे आजोबा यावल तालुक्यातील एका गावात सुतारकी करीत, त्यामुळे हत्यार कसे धरतात, कोणाच्या हाती ते शोभते आणि कोणाच्या हाती नाही, हे लहानपणापासून पाहत आलो आहे. स्वतः मी रेल्वेच्या कचेरीत कागद हाताळण्यातच उमेदीची वर्षे घालवली, तेव्हा हे परीक्षण कारागिराचे नव्हे, कारागिराच्या नातवाचे आहे, असे समजून वाचावे.

भुसावळहून फैजपूर, सावदा, खिरोदा या मार्गाने जाताना दोन्ही बाजूंना केळीच्या बागा लागतात आणि खिरोदा मागे पडले की हळूहळू साग, पळस आणि अंजन दिसू लागतात. फैजपूर ओलांडताना मी मुलांना सांगितले की डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन याच गावी झाले, त्याचे अध्यक्षपद जवाहरलाल नेहरूंनी भूषवले आणि चित्रकार नंदलाल बोस यांनी तिथला मंडप व सजावट बांबूसारख्या गावातल्या साध्या साहित्यातून उभी केली होती. भाच्याने तेव्हा गाणी ऐकायचे कानातले यंत्रही काढले नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, स्वतःच्या हाताने एक टोपली पुरी केल्यानंतर, त्यानेच मला विचारले की तो मंडप बांधायला किती बांबू लागले असतील. मला सांगता आले नाही.

शिबिराची खरी श्रीमंती म्हणजे बांबूचे काम. त्याला पहिले अडीच दिवस दिले होते आणि ते योग्यच होते. शिकवणारे होते पावरा समाजातील एक साठीचे गृहस्थ, ज्यांना सगळे 'बाबा' म्हणत, आणि जवळच्याच गावातील एक तडवी बाई, ज्यांना मुले पहिल्या तासापासून 'मावशी' म्हणू लागली. बाबांनी प्रस्तावना केली नाही. त्यांनी सगळ्यांना शेताच्या बांधावरील बांबूच्या बेटाशी नेले, ही सातपुड्यात सर्वत्र आढळणारी जवळजवळ भरीव अशी मानवेल जातीची काठी, आणि यांपैकी कोणती काठी तोडाल असे विचारले. बहुतेकांनी सर्वांत हिरवीगार, गुळगुळीत काठी दाखवली. ती त्याच पावसाळ्यात उगवलेली होती. तिच्यात पाणी फार, ती वाळली की सुरकुतते आणि तिला भुंगा लवकर लागतो. तोडायची ती तीन वर्षांच्या आसपासची, जिच्या सालीवरची चमक गेली आहे आणि जिच्यावर ठोकल्यास आवाज घट्ट येतो. बेटाच्या बाहेरच्या अंगाचे नवे कोंब तसेच ठेवायचे, आतली जून काठी काढायची आणि ती जमिनीलगतच्या गाठीच्या किंचित वर छाटायची, म्हणजे खुंटात पाणी साचून बेट कुजत नाही. एवढे सांगायला त्यांना दहा मिनिटे लागली. ते कळायला मुलांना संपूर्ण सकाळ लागली.

त्यानंतर चिरणे. कोयता काठीच्या तोंडावर ठेवून मागून लाकडी दांडक्याने ठोकला की बांबू सरळ दुभंगतो, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात चीर दोन-तीन पेरांनंतर एका बाजूला पळू लागते; एक फाक जाड होत जाते, दुसरी निमुळती होऊन तुटते. यावरचा उपाय मी आजोबांकडेही पाहिला नव्हता. ज्या बाजूला फाक जाड होत आहे ती बाजू हाताने जास्त वाकवायची, म्हणजे चीर आपोआप जाड भागाकडे सरकून पुन्हा मध्यावर येते. कोयत्याने ते होत नाही, ते हातांनी आणि गुडघ्याने होते. पाते केवळ वाट उघडी ठेवते. माझ्या मुलीला हे दुसऱ्या दिवशी दुपारी एकदम जमले आणि त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर जे दिसले त्यासाठी मी शुल्क दुप्पट दिले असते, असे सांगितल्यास परीक्षणाचा तोल ढळेल, तरीही सांगतो. त्याआधी ती घाईने जोर लावीत होती, तेव्हा बाबा फक्त एवढेच म्हणाले होते, "हळू पोरी. घाई केली तं बांबू हातच धरतो."

विणकाम मावशींकडे होते. साल असलेली बाहेरची पट्टी काठाला आणि बुडाला, मऊ आतली पट्टी भरणीला, ही वाटणी त्यांनी समजावली. मग एक गंमत झाली. नाशिकच्या एका मुलाने बूड विणून सोळा उभ्या पट्ट्या वर वळवल्या आणि एकच आडवी पट्टी फिरवत विणायला सुरुवात केली. दुसऱ्या फेरीला त्याच्या लक्षात आले की पट्टी पहिल्या फेरीत ज्या उभ्या पट्टीच्या पुढून गेली तिच्याच पुढून पुन्हा जाते आहे आणि वीण धरतच नाही. तो गणित शिकणारा मुलगा होता, अर्धा तास वहीत आकृत्या काढत बसला आणि शेवटी म्हणाला की उभ्या पट्ट्यांची संख्या विषम असली पाहिजे. मावशींनी त्याची एक पट्टी मधोमध चिरून सोळाच्या सतरा केल्या आणि वीण बसली. "मी पण हेच करते," त्या म्हणाल्या, "मोजत नाही, अडलं की चिरते." शाळेत जे ज्ञान खडूने मिळते तेच ज्ञान दुसऱ्या वाटेने आलेल्या माणसासमोर मुलगा बसला होता आणि दोघेही एकमेकांकडे कौतुकाने पाहत होते. अशी जागा संयोजकांना ठरवून घडवता येत नाही. त्यांनी फक्त वेळ मोकळा सोडला होता, हेच त्यांचे श्रेय.

हत्यारांविषयी मात्र मला कठोर बोलले पाहिजे. पहिल्या दिवशी वाटलेल्या बारा कोयत्यांपैकी सात बोथट होते. बोथट हत्यार नवशिक्याला सुरक्षित असते हा गैरसमज संयोजकांच्याही मनात होता, असे त्यांच्याशी बोलताना जाणवले. वस्तुस्थिती उलट आहे: बोथट पात्याला जोर लावावा लागतो, जोर लावला की ते घसरते आणि घसरले की समोरचा हात सापडतो. दुपारी एका मुलाच्या डाव्या अंगठ्याच्या मुळाशी नेमके असेच झाले. प्रथमोपचाराच्या पेटीत कापूस होता, चिकटपट्टी होती आणि मुदत संपलेली एक मलमाची नळी होती. गाडी तयार होती, मुलाला तासाभरात दवाखान्यात नेऊन दोन टाके घातले आणि तो संध्याकाळी हसतच परतला; पण गाडी तयार असणे ही पेटी अद्ययावत नसण्याची सबब होऊ शकत नाही. त्याच रात्री मी आणि बाबांनी मिळून सगळे कोयते दगडावर घासून धारेला आणले. शिबिराचा पहिला पाठ धार लावण्याचाच असायला हवा होता. आजोबांकडे शिकायला येणारा पोरगा पहिले कित्येक दिवस तेवढेच करीत असे.

याच ओघात भाच्याच्या चाकूविषयी. इंटरनेटवर 'बुशक्राफ्ट' या नावाने जंगलात एकट्याने राहणाऱ्या परदेशी माणसांच्या ज्या चित्रफिती दिसतात त्या पाहून त्याने ३,२०० रुपयांचा एक जाड पात्याचा चाकू मागवला होता, सोबत चामड्याचे म्यान. ती माणसे थंड प्रदेशातील सरळ, मऊ लाकडावर काम करतात, तिथे तो चाकू उत्तम असेल. मानवेलीच्या गाठीवर त्याचे काही चालेना. बाबांनी तो हातात घेऊन फिरवून पाहिला, "कांदा चांगला कापेल" असे प्रामाणिक मत दिले आणि परत केला. खरोखरच पुढचे चार दिवस तो स्वयंपाकघरात होता. परतताना आठवडी बाजारात आम्ही २५० रुपयांना लोहाराच्या हातचा कोयता घेतला. ज्यांना शिबिराला जायचे असेल त्यांनी सामानाची खरेदी करण्यापूर्वी हा परिच्छेद पुन्हा वाचावा.

कुऱ्हाडीला दांडा बसवण्याचे सत्र चौथ्या दिवशी सकाळी झाले आणि ते कल्पनेत उत्तम, व्यवहारात अर्धवट ठरले. दांड्यासाठी धावड्याचे लाकूड निवडले होते, ते सातपुड्याच्या परंपरेला धरूनच. धावडा चिवट असतो, घाव बसताना हिसका सोसतो आणि सहजासहजी मोडत नाही. तंतू पात्याच्या दिशेने धावतील असा तुकडा धरायचा, आडवे तंतू आले तर तो दांडा एक दिवस मोडणारच. पात्याच्या भोकात तो घट्ट बसेल इतपतच तासायचा. आणि वरून कोरड्या लाकडाची पाचर ठोकायची. हे सर्व नीट सांगितले गेले. परंतु वाळलेले तुकडे अठराच होते आणि उरलेल्या चौघांना ओले दिले गेले, त्यांत आमचा भाचा. लाकूड वाळते तसे आकसते, हे त्याच दिवशी फळ्यावर लिहून दाखवले होते. घरी आल्यावर आठवड्याभरात त्याचे पाते दांड्यावर खुळखुळू लागले. दांडे सगळ्यांना पुरेसे नसतील तर दोघांत एक द्यावा. ओले लाकूड देऊन शिकवलेल्या गोष्टीचाच भंग करू नये. शिवाय या सत्राला शिकवणारा एकच होता, आणि बावीस मुलांमध्ये एक माणूस वाकस, म्हणजे लाकूड तासण्याचे हत्यार, चालवताना सगळ्यांचे पाय पाहू शकत नाही. पालक म्हणून आम्ही तिघे मध्ये उभे राहिलो, ते शुल्कात धरलेले नव्हते.

दोराचा भाग थोडक्यात पण उत्कृष्ट होता. अंबाडीचा वाख, म्हणजे सालीचे तंतू, आधीच भिजवून, सोलून, वाळवून ठेवला होता. मुलांना फक्त पीळ घालायचा होता. मला जास्त आवडली ती केळीच्या सोपटाची, म्हणजे खोडावरच्या पापुद्र्याची, दोरी. रावेर-यावलच्या पट्ट्यात घड उतरवल्यानंतर खोडांचे ढीग बांधावर पडलेले दिसतात, आणि त्याच खोडाच्या सोपटातून मांडीवर वळलेली दोरी, दोन पदर एका दिशेने आणि मग एकमेकांवर उलट दिशेने पीळ देऊन, इतकी घट्ट होते की तिने आम्ही पाण्याची बादली विहिरीतून ओढली. अंजनाच्या सालीपासूनही बळकट दोर होतो असे बाबांनी सांगितले, मात्र प्रत्यक्ष दाखवले नाही. साल काढली की झाडाला इजा होते आणि खेळासाठी झाड सोलायचे नसते, असे त्यांचे म्हणणे पडले.

या विचाराचा धागा संपूर्ण शिबिरात होता, आणि त्याची नोंद करणे मला अगत्याचे वाटते. जवळच यावल अभयारण्य आहे. १९६९ साली घोषित झालेले हे अभयारण्य सुमारे १७५ चौरस किलोमीटरचे असून तेथून काडीही उचलणे कायद्याला धरून नाही. संयोजकांनी पहिल्याच संध्याकाळी स्पष्ट केले की वापरायचा सर्व बांबू आणि लाकूड खाजगी शेतांच्या बांधांवरचे आहे, आणि जंगलातल्या फेरीत कोणीही काही तोडणार नाही. २०१७ साली भारतीय वन अधिनियमातील 'वृक्ष' या व्याख्येतून बांबू वगळण्यात आल्यानंतर वनक्षेत्राबाहेर लावलेला बांबू तोडणे व नेणे शेतकऱ्याला बरेच सोपे झाले आहे. तरीही काही मुलांनी, पाड्यावरची माणसे तर जंगलातूनच आणतात ना, असा प्रश्न केला. त्यावर २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना बांबू, मोहाची फुले यांसारख्या गौण वनोपजावर दिलेला अधिकार आणि शहरातून चार दिवस आलेल्या पाहुण्याची हौस यांत फरक काय, हे पाड्यावरच्याच एका मुलीने समजावून सांगितले. ती बारावीत आहे. तिच्यासारख्या सहा जणांना शुल्काविना घेण्याचा निर्णय हा उपकार नसून शिबिराची गरज आहे, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले, कारण त्या सहांशिवाय बाकीचे सोळा जण पाच दिवस जंगलाविषयी स्वतःच्याच कल्पना एकमेकांना सांगत बसले असते.

चकमकीचे सत्र सर्वांत जास्त छायाचित्रे काढले गेलेले आणि सर्वांत कमी उपयोगाचे. जुन्या कानशीचा तुकडा, गारगोटी आणि काटेसावरीचा आधीच जाळून काळा केलेला कापूस, एवढेच साहित्य. ठिणगी कापसावर पडली की ती विझत नाही, हळूहळू पसरते, मग ती वाळल्या गवताच्या घरट्यात ठेवून फुंकायची. बावीसांपैकी पाच जणांना साधले. एका मुलाने काठीवर काठी घासून विस्तव करण्याची मागणी केली, तेव्हा बाबांनी कुतूहलाने विचारले, "काडेपेटी संपली का?" ती विचारणा उपरोधाची नव्हती. त्यांच्या घरी काडेपेटी आणि गॅस दोन्ही आहेत. चकमक त्यांच्या वडिलांच्या बटव्यात असे. हा भाग प्रात्यक्षिक म्हणून अर्ध्या तासात आटोपून तो वेळ दांड्याच्या सत्राला दिला असता तर जास्त बरे झाले असते.

तीरकामठ्याचेही तसेच. सातपुड्यातील भिल्लांचा कामठा बांबूचा आणि त्याची दोरीही बांबूच्याच चिवट पट्टीची, ही गोष्ट पाहण्यासारखी आहे, आणि ज्या गृहस्थांनी ती आणली होती त्यांच्याकडून ती पट्टी कशी तासतात हे ऐकायला मी तासभर बसलो असतो. त्याऐवजी मुलांना रांगेत उभे करून पुठ्ठ्यावर बाण मारायला लावले आणि प्रत्येकाची चित्रफीत काढली. जत्रेत फुगे फोडण्याचा खेळ असतो, त्याला सातपुड्यापर्यंत यावे लागत नाही.

जेवणाबाबत तक्रारीला जागा नाही. पहिल्या रात्री भरीत होते, आणि खानदेशात थंडीतले भरीत म्हणजे काय हे जाणणाऱ्यांना पुढचे सांगायला नको. बामणोदकडची हिरवट पांढरी वांगी तुराट्यांच्या जाळावर भाजून, लाकडी बडगीत मिरची-लसणासह ठेचून, कळण्याच्या पुऱ्यांबरोबर वाढली. वांगी भाजणे, सोलणे आणि ठेचणे मुलांकडेच होते. पुण्याच्या एका मुलीने भाजलेले वांगे पाण्याखाली धरून सोलायला घेतले, तेव्हा स्वयंपाक सांभाळणाऱ्या आजींनी तिचा हात धरून बाजूला नेला आणि धुराची चव कुठे जाते ते समजावले. पुढच्या दिवसांत ज्वारीची भाकरी, डाळ, ठेचा, एकदा वाळवलेल्या मोहाच्या फुलांचे लाडू. पत्रावळी आणि द्रोण मुलांनीच पळसाच्या पानांचे, बांबूच्या बारीक चोया टोचून केले होते; पहिल्या दिवशीच्या पत्रावळींतून डाळ मांडीवर आली, तिसऱ्या दिवशी आली नाही, यापेक्षा प्रगतीचे वेगळे प्रमाणपत्र देण्याची आवश्यकता नव्हती. संयोजकांनी तरीही शेवटी रंगीत प्रमाणपत्रे दिली.

राहण्याची सोय साधी पण स्वच्छ होती. कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेली जमीन, वर कौले. मुलींसाठी वेगळी खोली आणि तिथे रात्री मावशी झोपत. स्वच्छतागृहे चार होती, सकाळी ती अपुरी पडत. थंडी मात्र कमी लेखू नये: पहाटे बोटे आखडत होती आणि दिलेली एक घोंगडी पुरत नव्हती. एक रात्र शेतातल्या माळ्यावर, म्हणजे राखणीच्या मचाणावर, काढण्याचा कार्यक्रम होता, त्यात दव, कोल्हेकुई आणि कोणाच्या तरी भ्रमणध्वनीचा गजर यांपलीकडे सांगण्यासारखे काही घडले नाही.

आता ज्या मुद्द्यावर माझे संयोजकांशी मतभेद झाले तो. शिकवणारे चार जण होते आणि त्यांना दिवसाला प्रत्येकी ८०० रुपये मिळाले, हे मी विचारल्यावर त्यांनी लपवले नाही. पाच दिवसांचे चौघांचे मिळून १६,००० होतात. सोळा जणांचे शुल्क आणि आम्हा तिघा पालकांचे पैसे धरून जमा १,१६,००० रुपये. जेवण, जागा, गाडी, साहित्य, जाहिरात हे सर्व खर्च मी समजू शकतो आणि या गटाने त्यातून माड्या बांधल्या असे मुळीच सुचवीत नाही. पण ज्यांच्या हातांसाठी आम्ही तिथे गेलो त्यांच्या वाट्याला जमेच्या सातव्या भागाहून कमी यावे, हे मला पटत नाही. संयोजकांचे उत्तर असे की शेतमजुरीपेक्षा ही रक्कम पुष्कळ जास्त आहे. खरे आहे, परंतु बाबा तिथे मजुरीला आले नव्हते, शिकवायला आले होते. शिकवणाऱ्याची तुलना आपण शिकवणाऱ्याशी करतो, आणि शहरात शनिवार-रविवारच्या बांबू कार्यशाळेला एक प्रशिक्षक काय घेतो हे भाच्यालाही ठाऊक होते. जाहिरातपत्रकावर संयोजकांची नावे व छायाचित्रे होती, शिकवणाऱ्यांचा उल्लेख 'स्थानिक तज्ज्ञ' असा एका ओळीत. ती ओळ पुढील पत्रकात बदलू, असे त्यांनी मान्य केले. मोबदल्याविषयी 'विचार करू' म्हणाले.

कोणी जावे, असे मला दोघा-तिघांनी विचारले आहे. सोळा-सतरा वर्षांखालील मुलांना, सध्याच्या हत्यारांच्या आणि प्रथमोपचाराच्या स्थितीत, मी एकटे पाठवणार नाही. जंगलातील साहसाचे आकर्षण घेऊन येणाऱ्याचा दुसऱ्याच दिवशी विरस होईल, कारण दिवसातले सहा तास एका जागी मांडी घालून बसावे लागते आणि हाताला पट्ट्यांचे बारीक कूस लागतात, ते संध्याकाळी दिव्याखाली चिमट्याने काढावे लागतात. ज्याला एक वस्तू पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतःच्या हाताने करून पाहायची आहे, आणि ती वाकडी झाली तरी चालणार आहे, त्याने अवश्य जावे. सोबत दोन घोंगड्या, जाड कापडाचे हातमोजे, स्वतःची प्रथमोपचाराची पिशवी न्यावी. चाकू नेऊ नये.

मुलीची टोपली सध्या आमच्या स्वयंपाकघरात कांद्यांसाठी वापरात आहे. तिची एक बाजू बसकी आहे आणि काठाची गुंडाळी एका ठिकाणी सुटू लागली आहे; ती मावशींकडून दुरुस्त करून घ्यायची की स्वतः करायची यावर घरात चर्चा चालू आहे. पुढील शिबिर मार्चमध्ये, मोहाची फुले पडण्याच्या हंगामात होणार आहे आणि त्यात पहाटे फुले वेचणे, वाळवणे आणि टोळंबीच्या, म्हणजे मोहाच्या बियांच्या, तेलाची माहिती असे विषय आहेत. मुलीने नाव नोंदवले आहे. भाच्याची तेव्हा परीक्षा असल्याने त्याला जमणार नाही, पण त्याने संयोजकांना दूरध्वनी करून धावड्याचा एक वाळलेला तुकडा आपल्यासाठी राखून ठेवण्यास सांगितले आहे, आणि तो विनामूल्य मिळावा असा आग्रह धरला आहे.